ब्राझीलमधील लवणाखालील तेलक्षेत्रे
अटलांटिक महासागरात ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यासमोर, मिठाच्या जाड थराखालील चुनखडकांत असलेल्या खनिज तेलाच्या व नैसर्गिक वायूच्या साठ्यांचा समूह. हे साठे मुख्यत्वे सांतूस व कांपूस या दोन द्रोणींत असून एस्पीरीतू सांतू ते सांता कातारीना या राज्यांसमोरील सु. ८०० किमी. लांब व २०० किमी. रुंद अशा पट्ट्यात विखुरलेले आहेत. सांतूस द्रोणीतील प्रमुख क्षेत्रांवर समुद्राची खोली सु. २,००० मी. किंवा त्याहून अधिक आहे. तेलधारक खडक समुद्रपृष्ठापासून ५,००० ते ७,००० मी. खाली असून त्यांच्यावर पसरलेला मिठाचा थर काही ठिकाणी २,००० मी. जाडीचा आहे.

या क्षेत्रांना केवळ साठ्यांच्या विपुलतेमुळे महत्त्व प्राप्त झालेले नाही. तेलाबरोबर निघणाऱ्या वायूत येथे कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण पुष्कळ असते. हा वायू वातावरणात सोडून देणे हा सर्वांत सोपा व स्वस्त मार्ग होता. तथापि तो न सोडता भूगर्भातच परत दाबून भरावयाचा, असे क्षेत्रविकासाचा आराखडा आखतानाच ठरविण्यात आले. खोल समुद्रातील तेल तुलनेने कमी कार्बन उत्सर्जनात काढण्याच्या प्रयत्नांत या निर्णयाला विशेष स्थान आहे. त्यातून काय साधले आणि काय साधू शकले नाही, हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी : क्रिटेशस कल्पाच्या पूर्वार्धात गोंडवन महाखंड दुभंगून दक्षिण अमेरिका व आफ्रिका ही खंडे परस्परांपासून दूर जाऊ लागली. त्यांच्यामधील खचदरीत प्रथम सरोवरे निर्माण झाली. या सरोवरांच्या तळाशी जैव द्रव्याने समृद्ध असा गाळ साचला व त्यावर शिंपल्यांचे आणि सूक्ष्मजीवांशी संबंधित असे चुनखडक तयार झाले. पुढे सु. ११ कोटी वर्षांपूर्वी या अरुंद खळग्यात समुद्राचे पाणी शिरून वारंवार आटत गेले आणि मिठाचे प्रचंड थर साचले. मीठ अपार्य असल्याने खालच्या खडकांत निर्माण झालेले तेल व वायू यांना वर निसटण्यास वाव राहिला नाही. मीठ उष्णतेचे चांगले वाहक असल्याने त्याखालील खडकांचे तापमान एवढ्या खोलीच्या मानाने कमी, तूपी क्षेत्रात सु. ६०° ते ७०° से., राहिले. ही गोष्ट पुढे वायू परत भरण्याच्या कामी उपयोगी पडली.

या साठ्यांतील कार्बन डाय-ऑक्साइड बहुतांशी भूकवचाखालील प्रावरणातून खोल विभंगांवाटे वर आला असावा, असे अनेक भूवैज्ञानिकांचे मत आहे. त्याचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. तूपी क्षेत्राच्या वायूत ते सु. ८ ते १५ टक्के, मेरो क्षेत्रात सु. ४५ टक्के, तर २००८ मध्ये शोध लागलेल्या जुपिटर या संरचनेत ते सु. ७९ टक्के आढळले. कोणते क्षेत्र प्रथम विकसित करावे व कोणत्या पद्धतीने करावे, हे ठरविण्यात या प्रमाणाचा मोठा वाटा होता.

किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे : राष्ट्राध्यक्ष झेतूल्यू व्हार्गास यांच्या कारकीर्दीत, ‘तेल आमचे आहे’ या घोषणेखाली चाललेल्या दीर्घ चळवळीनंतर, ३ ऑक्टोबर १९५३ रोजी पेट्रोब्रास या सरकारी कंपनीची स्थापना करणारा कायदा संमत झाला व तेलउद्योगाची मक्तेदारी राष्ट्राकडे आली. कंपनीच्या समन्वेषण विभागाचे प्रमुख म्हणून नेमलेले अमेरिकन भूवैज्ञानिक वॉल्टर लिंक यांनी १९६० मध्ये सादर केलेल्या अहवालात ब्राझीलच्या भूप्रदेशावर मोठे साठे मिळण्याची आशा कमी असल्याचा निष्कर्ष काढला होता. त्यावर देशात तीव्र टीका झाली. परंतु शोधाची दिशा समुद्राकडे वळण्यास तो अहवाल कारणीभूत ठरला. १९६८ मध्ये सर्झीपी राज्यासमोर ग्वारिसेमा हे पहिले सागरी क्षेत्र सापडले.

१९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी ब्राझील आपल्या गरजेच्या सु. ८० टक्के तेल आयात करीत असे. १९७४ मध्ये कांपूस द्रोणीत गारौपा क्षेत्राचा शोध लागला. भारतात मुंबई हाय क्षेत्राचा शोधही याच वर्षी लागला. मुंबई हायची खोली मात्र सु. ७५ मी. असून तिचा विस्तार उथळ खंड-फळीवर झाला, तर ब्राझीलमधील शोध उत्तरोत्तर अधिक खोल पाण्याकडे सरकत गेला. १९७७ मध्ये एंशोव्हा क्षेत्रात तरत्या फलाटावरून उत्पादनास आरंभ झाला. १९८४ मध्ये आल्बाकोरा व १९८५ मध्ये मार्लिम ही मोठी क्षेत्रे सापडली. ती एवढ्या खोलीवर होती की, त्यांतून तेल काढण्याचे तयार तंत्र तेव्हा जगात कोठेही उपलब्ध नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी कंपनीने १९८६ मध्ये ‘प्रोकाप’ हा खोल पाण्यातील तंत्रविद्येचा कार्यक्रम हाती घेतला. रीओ दे जानेरो येथील विद्यापीठ परिसरातील सेनपेस हे कंपनीचे संशोधन केंद्र, देशातील विद्यापीठे व यंत्रनिर्माते यांच्या सहकार्याने समुद्रतळावरील झडपांचे संच, लवचिक नळ, कृत्रिम तंतूंच्या दोरांनी नांगरलेल्या नौका इ. साधने विकसित करण्यात आली. १९९९ मध्ये रोंकादोर क्षेत्रात १,८५३ मी. खोलीच्या पाण्यातून उत्पादन सुरू झाले. या प्रगतीला अपघातांचे गालबोटही लागले. मार्च २००१ मध्ये याच क्षेत्रावरील पी-३६ या महाकाय फलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले व पाच दिवसांनी फलाट बुडाला.

तूपीचा शोध : १९९७ च्या कायद्याने मक्तेदारी संपुष्टात येऊन अन्य कंपन्यांना भागीदारी खुली झाली. त्यानंतर सांतूस द्रोणीतील खोल पाण्याचे गट पेट्रोब्रास व तिच्या भागीदार कंपन्यांनी घेतले. मिठाच्या थरामुळे भूकंपीय तरंगांचा मार्ग बदलतो व खालच्या रचनेचे चित्र अस्पष्ट मिळते. शिवाय विहीर खोदताना मीठ हळूहळू वाहून छिद्र बुजविण्याचा संभव असतो. पारती येथील पहिल्या विहिरीवर सु. २४ कोटी डॉलर खर्च झाले. एवढ्या खर्चानंतरही शोध चालू ठेवण्याचा निर्णय तेव्हाचे समन्वेषण व उत्पादन संचालक भूवैज्ञानिक गिल्येर्मी एस्त्रेला यांच्या काळात घेतला गेला. २००६ मध्ये तूपी येथे तेल सापडले. ८ नोव्हेंबर २००७ रोजी तेथे ५०० ते ८०० कोटी बॅरल काढण्यायोग्य साठा असल्याचे जाहीर करण्यात आले. या क्षेत्रात पेट्रोब्रासचा ६५ टक्के, ब्रिटिश कंपनी बीजीचा २५ टक्के व पोर्तुगालच्या गाल्प कंपनीचा १० टक्के हिस्सा होता. २०१६ मध्ये बीजी कंपनी शेलमध्ये विलीन झाली. डिसेंबर २०१० मध्ये क्षेत्राला ‘लूला’ असे नाव देण्यात आले. या शब्दाचा अर्थ माखली हा सागरी जीव असा असला, तरी तेच तत्कालीन राष्ट्राध्यक्षांचेही नाव असल्याने वाद न्यायालयात गेला आणि २०२० मध्ये तूपी हे नाव पुन्हा प्रचारात आले.

लवणाखालील तेलाचे पहिले उत्पादन सप्टेंबर २००८ मध्ये कांपूस द्रोणीच्या उत्तर भागातील झूबार्ती क्षेत्रात, आधीच उभारलेल्या नौकेवरून झाले. तूपी येथे १ मे २००९ रोजी दीर्घ मुदतीची उत्पादन चाचणी सुरू झाली. त्या वेळी किनाऱ्यापर्यंत वायू नेणारा नळ नव्हता व वायू परत भरण्याची सोयही नव्हती. त्यामुळे तेलाबरोबर येणारा वायू नौकेवरील मशालीत जाळावा लागे. किती वायू जाळता येईल यावर राष्ट्रीय नियामक संस्थेने मर्यादा घातल्याने तेलाचा प्रवाहही त्या मर्यादेत ठेवावा लागला. तेलाचे उत्पादन वायूच्या विल्हेवाटीवर अवलंबून आहे, ही गोष्ट या चाचणीने प्रारंभीच दाखवून दिली.

वायूचा प्रश्न व निर्णय : तेलविहिरीतून तेल, पाणी व वायू एकत्र वर येतात. समुद्रावरील क्षेत्रांत वायूला गिऱ्हाईक जवळ नसल्याने तो जाळून टाकण्याची प्रथा जगभर होती. मुंबई हायमध्येही आरंभी असा वायू जाळला जाई. १९७८ मध्ये उरणपर्यंत नळ टाकल्यानंतर त्याचा उपयोग वाढत गेला. तूपीचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा होता. येथील वायूतील कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकल्याखेरीज तो विकता येत नव्हता आणि काढून टाकलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडाचे काय करावयाचे हा प्रश्न शिल्लक राहत होता. तो हवेत सोडण्यास अडथळा करणारा कार्बन कर त्या काळी ब्राझीलमध्ये नव्हता.

तरीही भागीदार कंपन्यांनी हा वायू हवेत न सोडण्याचे ठरविले. यामागे दोन कारणे होती. पहिले म्हणजे, एवढ्या मोठ्या साठ्याच्या संपूर्ण आयुष्यात बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडाचे परिमाण प्रचंड होते व त्यामुळे क्षेत्राच्या विकासालाच विरोध होण्याचा संभव होता. दुसरे कारण आर्थिक होते. उच्च दाब व बेताचे तापमान असलेल्या खडकात कार्बन डाय-ऑक्साइड तेलात मिसळतो, तेलाची श्यानता कमी करतो व खडकाच्या छिद्रांत अडकून राहणारे तेल विहिरीकडे ढकलण्यास मदत करतो. टाकाऊ ठरणारा वायू अशा रीतीने तेल काढण्याचे साधन बनला. पर्यावरण व नफा यांचे हित येथे काही अंशी एकाच दिशेने गेल्यामुळे हा निर्णय टिकून राहिला.

निर्णयाची वेळही महत्त्वाची होती. नौकेवर जागा व भार यांना कडक मर्यादा असतात. वायू वेगळा करणारी पटले, संपीडक व त्यांना लागणारी वीज यांची सोय नौका बांधतानाच करावी लागते. वायू भरण्याच्या विहिरींच्या जागा व त्यांचे पोलादही आधीच ठरवावे लागते. उत्पादन सुरू झाल्यावर या गोष्टी जोडणे अतिशय खर्चिक, कित्येकदा अशक्य होते. म्हणून खोल समुद्रातील क्षेत्राचे उत्सर्जन बव्हंशी आराखड्याच्या टप्प्यातच निश्चित होते, असे म्हणता येईल.

कार्यपद्धती : ऑक्टोबर २०१० मध्ये ‘सिदादी दी आंग्रा दुस रेइस’ या नौकेद्वारे तूपीचा मार्गदर्शक प्रकल्प सुरू झाला. सु. २,१५० मी. खोल पाण्यात नांगरलेल्या या नौकेची क्षमता दररोज १ लक्ष बॅरल तेल व ५० लक्ष घ. मी. वायू एवढी होती. नौकेवर आलेल्या वायूतील बाष्प प्रथम काढले जाते. नंतर वायू निवडक पार्य पटलांमधून जाऊ देतात. कार्बन डाय-ऑक्साइड पटलांतून हायड्रोकार्बनांपेक्षा सहज पार होत असल्याने दोन प्रवाह वेगळे होतात. हायड्रोकार्बनयुक्त प्रवाह नौकेवरील इंधनासाठी व किनाऱ्याकडे पाठविण्यासाठी वापरतात. कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त प्रवाह टप्प्याटप्प्याने दाबून वातावरणीय दाबाच्या सु. ५०० पट दाबाने तेलधारक खडकात परत भरतात. काही विहिरींत पाणी व वायू आळीपाळीने भरले जातात. केवळ वायू भरल्यास तो सच्छिद्र वाटांनी झपाट्याने उत्पादक विहिरीकडे निघून जातो. मधून पाणी भरल्याने त्याची चाल मंदावते व अधिक तेल सरकते. तूपी येथे कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त वायू परत भरण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले.

याच वर्षी तूपी–मेशिल्याऊं नळाने वायू साऊँ पाउलू राज्याच्या किनाऱ्यावर पोहोचू लागला. दुसरा नळ २०१६ मध्ये मकाए शहराजवळ व तिसरा २०२४ मध्ये रीओ दे जानेरोजवळील इताबोराई येथील प्रक्रिया केंद्रापर्यंत कार्यान्वित झाला. यामुळे वायू जाळण्याचे प्रमाण घटले. मशालीकडे जाणारा वायू पुन्हा प्रक्रियेत वळविणारी बंद रचना, टाक्यांतील बाष्प परत मिळविणे, टरबाइनांच्या टाकाऊ उष्णतेचा उपयोग, मिथेनगळतीचा शोध इ. उपायही हळूहळू अवलंबिले गेले.

विहिरींच्या उत्पादकतेचाही उत्सर्जनाशी निकट संबंध आहे. लवणाखालील काही विहिरींतून दररोज ३०,००० बॅरलांहून अधिक तेल मिळाले. त्यामुळे थोड्या विहिरींवर मोठे उत्पादन झाले आणि प्रत्येक बॅरलमागे लागणारी ऊर्जा कमी झाली. कंपनीच्या आकडेवारीनुसार तिच्या तेल व वायू उत्पादनातील उत्सर्जन २००९ मध्ये दर बॅरलमागे सु. ३० किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड एवढे होते. ते २०२२ मध्ये सु. १५ किग्रॅ. वर आले. तूपी व बूझ्यूस या क्षेत्रांत ते १० किग्रॅ. हून कमी असल्याचे कंपनीने नमूद केले आहे. भूगर्भात परत भरलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडाचे परिमाण २०२२ मध्ये सु. १.०६ कोटी टन, तर २०२३ मध्ये सु. १.३ कोटी टन झाले. २००८ पासून २०२३ अखेरची बेरीज ५ कोटी टनांहून अधिक होते.

अडचणी : परत भरलेला कार्बन डाय-ऑक्साइड कालांतराने उत्पादक विहिरींतून पुन्हा वर येऊ लागतो. त्यामुळे वायूतील त्याचे प्रमाण वर्षानुवर्षे वाढत जाते आणि तोच वायू वारंवार वेगळा करून दाबावा लागतो. या कामाला लागणारी वीज नौकेवरील वायू-टरबाइनांतूनच मिळत असल्याने उत्सर्जन रोखण्याच्या क्रियेतूनही काही उत्सर्जन होते. नौकेवरील यंत्रसामग्रीचा बराच भाग वायूने व्यापल्यास तेलावरील प्रक्रियेला जागा अपुरी पडते.

कार्बन डाय-ऑक्साइड पाण्याशी संयोग पावून अम्ल तयार होते व साधे पोलाद झिजते. त्यासाठी विहिरींत महाग मिश्रपोलाद वापरावे लागले. याहून अनपेक्षित धोका २०१७ मध्ये उघडकीस आला. लवचिक नळांच्या भिंतीतील पोकळीत पाणी शिरल्यास, त्यातून झिरपणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे ताण सहन करणाऱ्या पोलादी तारांना तडे जातात, असे आढळले. त्यानंतर अशा नळांची तपासणी वाढविणे, त्यांचे सेवाकाल कमी करणे व काही प्रकल्पांत त्यांऐवजी ताठ पोलादी नळ वापरणे असे उपाय योजावे लागले.

मेरो क्षेत्र व समुद्रतळावरील विलगीकरण : २०१० मध्ये सापडलेल्या लीब्रा गटाचा लिलाव २१ ऑक्टोबर २०१३ रोजी, उत्पादनात राष्ट्राचा वाटा ठेवणाऱ्या २०१० च्या कायद्यानुसार झाला. पेट्रोब्रास (४० टक्के), शेल व तोताल (प्रत्येकी २० टक्के) आणि दोन चिनी कंपन्या (प्रत्येकी १० टक्के) यांच्या संघाला तो मिळाला. या गटातील मेरो क्षेत्रात वायूचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन डाय-ऑक्साइड असल्याने वायू किनाऱ्यावर नेणे परवडणारे नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये येथे दीर्घ मुदतीची चाचणी ‘पायोनेरू दी लीब्रा’ या नौकेवरून सुरू झाली. तूपीच्या चाचणीत जळलेल्या वायूचा अनुभव लक्षात घेऊन या नौकेवर चाचणीच्या काळातच वायू परत भरण्याची सोय करण्यात आली. आठ वर्षांत झालेला हा बदल लक्षणीय होता. २०२२ मध्ये ‘ग्वानाबारा’ ही दररोज १.८ लक्ष बॅरल क्षमतेची नौका कार्यान्वित झाली. २०२५ पर्यंत याच क्षमतेच्या आणखी तीन नौका या क्षेत्रावर आल्या. या क्षेत्रात नौकेच्या इंधनाला लागणारा वायू वगळता उरलेला वायू साठ्यात परत भरला जातो.

पटलांनी वायू वेगळा करण्यापूर्वी दाब कमी होतो व नंतर तोच दाब पुन्हा निर्माण करावा लागतो. ही ऊर्जा वाचविण्यासाठी सेनपेस केंद्रात ‘हिसेप’ हे तंत्र विकसित करण्यात आले. यात समुद्रतळावरच, दाब कायम असताना, तेलापासून कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त वायू वेगळा केला जातो. त्या दाबाला हा वायू द्रवासारखा दाट असल्याने संपीडकांऐवजी पंपांनी तो साठ्यात परत ढकलता येतो. नौकेवर त्यामुळे कमी वायू येतो. या तंत्राची पहिली यंत्रणा मेरो क्षेत्रात समुद्रतळावर उभारण्याचे कंत्राट जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आले. ते यशस्वी झाल्यास जुपिटरसारख्या कार्बन डाय-ऑक्साइडाने भरलेल्या संरचनांचाही विकास शक्य होईल. यातच त्याचे दुहेरी स्वरूप दिसते. दर बॅरलमागील उत्सर्जन घटविणारे हे तंत्र पूर्वी न काढता येणारे तेलही आवाक्यात आणते.

वीजनिर्मितीतही बदल होत आहेत. मोठ्या नौकेला सु. १०० मेगावॉट वीज लागते. प्रत्येक संपीडकाला स्वतंत्र टरबाइन जोडण्याऐवजी एका केंद्रातून सर्व यंत्रांना वीज पुरविल्यास इंधन वाचते. २०२४ मध्ये मागणी नोंदविलेल्या पी-८४ व पी-८५ या दररोज २.२५ लक्ष बॅरल क्षमतेच्या नौकांचा आराखडा या तत्त्वावर आधारलेला आहे.

इतर देशांतील प्रयत्न : नॉर्वेने १९९१ मध्ये सागरी तेलउद्योगावर कार्बन कर बसविला. त्याचा परिणाम म्हणून १९९६ मध्ये उत्तर समुद्रातील स्लाइप्नर क्षेत्रात वायूपासून वेगळा केलेला कार्बन डाय-ऑक्साइड, तेल नसलेल्या उत्सिरा या खारट पाण्याच्या वालुकाश्मात साठविण्यास आरंभ झाला. आरंभीच्या वर्षांत दर वर्षी सु. १० लक्ष टन वायू तेथे भरला जाई. काही नॉर्वेजियन फलाटांना किनाऱ्यावरून जलविद्युत पुरविली जाते. सु. २६० ते ३०० मी. खोल पाण्यात तरत्या ११ पवनचक्क्यांचा ८८ मेगावॉटचा ‘हायविंड टांपेन’ प्रकल्प २०२२ मध्ये वीज देऊ लागला. तो पाच फलाटांच्या गरजेचा सु. एकतृतीयांश भाग भागविण्यासाठी उभारलेला आहे. सांतूस द्रोणीतील क्षेत्रे किनाऱ्यापासून २०० ते ३०० किमी. दूर व फार खोल असल्याने किनाऱ्यावरून वीज नेणे तेथे कठीण आहे. दोन्ही देशांतील मूळ फरक प्रेरणेचा आहे. नॉर्वेत कराने उद्योगाला भाग पाडले, तर ब्राझीलमध्ये साठ्याच्या स्वरूपाने. ब्राझीलमध्ये उत्सर्जन-व्यापाराची कायदेशीर चौकट डिसेंबर २०२४ मध्ये निर्माण झाली. भारताचा या विकासाशी मर्यादित संबंध आला. ओएनजीसी विदेश ही कंपनी कांपूस द्रोणीतील बीसी-१० या खोल पाण्याच्या गटात भागीदार झाली. २००९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले.

मूल्यमापन : आयातीवर अवलंबून असलेल्या ब्राझीलने २०२३ मध्ये दररोज सु. ३४ लक्ष बॅरल तेल काढले. त्यातील सु. तीनचतुर्थांश लवणाखालील होते. या उत्पन्नातील काही भाग शिक्षण व आरोग्य यांसाठी राखून ठेवण्याचा कायदा २०१३ मध्ये झाला. परत भरलेल्या वायूबाबत देशात मतभेद आहेत. निघणाऱ्या एकूण वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू परत भरला जातो. त्यात कार्बन डाय-ऑक्साइडाबरोबर जळाऊ वायूही असतो, तेव्हा तो किनाऱ्यावर आणून उद्योगांना स्वस्तात द्यावा, अशी मागणी वारंवार होते. उत्पादक मात्र अधिक तेल मिळविण्यासाठी त्याची गरज प्रतिपादन करतात.

भूगर्भात भरलेला कार्बन डाय-ऑक्साइड मूळचा त्याच साठ्यातील असल्याने या क्रियेने वातावरणातील कार्बन कमी होत नाही. तेल काढले नसते तर तो तेथेच राहिला असता. तेलाच्या उत्पादनामुळे होणारी भर टाळली जाते, एवढाच तिचा अर्थ आहे. एक बॅरल तेल जळल्यावर सु. ४३० किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. त्यापुढे उत्पादनातील १५ किग्रॅ. हा अंश लहान आहे. २०२३ मधील ब्राझीलचे सर्व तेल जळाले असे धरल्यास त्यापासून सु. ५३ कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. त्याच वर्षी परत भरलेला वायू १.३ कोटी टन होता. दर बॅरलमागील उत्सर्जन निम्म्यावर आले, तरी बॅरलांची संख्या वाढत गेल्यास एकूण भार वाढतच राहतो. कमी कार्बनचे तेल अधिक कार्बनच्या तेलाची जागा घेईल, या गृहीतकावर या प्रयत्नांचे समर्थन अवलंबून आहे. ते खरे ठरण्यासाठी तेलाची जागतिक मागणी घटणे व दुसरीकडील तेल भूगर्भातच राहणे आवश्यक आहे. कोणत्याही एका क्षेत्राचा विकासक हे घडवून आणू शकत नाही.

हाच प्रश्न अमेझॉन नदीच्या मुखासमोरील समुद्रात नव्याने उभा राहिला. तेथील समन्वेषक विहिरीला पर्यावरण संस्थेने मे २०२३ मध्ये नकार दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात बेलेम येथे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरली. खोल समुद्रातील तेल कसे काढावे, या प्रश्नाचे उत्तर देण्यात सांतूस द्रोणीतील तंत्रज्ञांनी अग्रस्थान मिळविले. किती तेल काढावे, हा प्रश्न तंत्रविद्येच्या कक्षेबाहेरचा असून तो अनिर्णित आहे.